टेंभरी हॉल्ट, रविवार

मे महिन्यात लिऊ दर रविवारी यायचा.
डोक्याला मायनं दिलेला दुपट्टा,
हातात काचेची बाटली, तळाशी चहाची पानं,
वर कडकडीत गरम पाणी.
बाहेर सेहेचाळीस.
रांगेतला झनकलाल म्हणायचा,
"माणूस आहे का बंब, गा?"

मी हॉल्टची तिकीट एजंट.
एक टेबल, एक शिक्का, पुठ्ठ्याची तिकिटं
आणि कडुनिंबाची सावली
(दुपारी ती माझ्या बाजूला नसते).
"कोठलं?"
तो बोटानं रूळ जिकडे दिसेनासे होतात तिकडे दाखवायचा.
म्हणजे बल्लारशा.
तिथं काम? काही नाही.
संध्याकाळच्या गाडीनं परत.

गिऱ्हेपुंजे शेठच्या राइस मिलमध्ये
तो मशीन बसवायला आला होता.
मशीनला डोळा होता.
काळा दाणा, पिवळा दाणा, खडा, तूस,
हवेच्या एका फुंकरीत बाजूला.
आधी हे काम अठरा बाया करायच्या, मांडीवर सूप घेऊन.
त्यातली एक माझी माय.

मायला हे ठाऊक होतं.
तरी पहिल्याच आठवड्यात तो उन्हानं आडवा झाला
तेव्हा कांदा तिनंच फोडला,
तांदळाची पेज तिनंच नेली, वर कैरीचं लोणचं.
त्यानं वाटी दोन्ही हातांनी उचलली, ओठाला लावली,
आणि बराच वेळ खाली ठेवली नाही.
मग त्याचा फोन बोलला,
बाईच्या आवाजात, पुस्तकी मराठीत:
"ही माझ्या घरातील सकाळ आहे."
माय म्हणाली, "पेज हाये बापा. सकाळ कायची!"

एकदा गाडी दीड तास लेट होती.
त्यानं सांगितलं, फोननं सांगितलं,
की त्याच्या गावाला जायला दोन रात्री लागायच्या,
बसून, खांद्यावर अनोळखी माणसाचं झोपलेलं डोकं.
आता नवी गाडी पाच तासांत नेते.
"परंतु खिडकीला काही चिकटत नाही."

आमच्या पॅसेंजरच्या खिडकीला सगळंच चिकटतं.
तेंदूपानाची पोती,
अर्जुनीला चढलेली बकरी आणि तिच्यावरून झालेलं भांडण,
वडशाच्या पुलाखाली वैनगंगेच्या वाळूत लावलेली डांगरं,
क्रॉसिंगसाठी नागभीडला गेलेला पाऊण तास.
संध्याकाळी तो उतरायचा तेव्हा भुवया धुळीनं पांढऱ्या,
खिशात कुणी दिलेली टेंभरं.
बिया तो थुंकत नसे.
जुन्या तिकिटासोबत कागदात बांधून ठेवायचा.
का, ते मी विचारलं नाही.
रांग असायची.

जूनच्या पहिल्या रविवारी तो आला,
बल्लारशाचं घेतलं नाही,
गोंदियाचं घेतलं. एकच बाजूचं.
फोन म्हणाला,
"मी डोळा थोडा संशयी ठेवला आहे."
मला वाटलं, फोन चुकला.
मागे एकदा त्यानं मला "पूज्य खिडकी" म्हटलं होतं.
बाटली टेबलावर ठेवून तो चढला.
मी मागे धावले, पण गाडी नेमकी त्याच दिवशी वेळेवर.

आता मिलमध्ये चार बाया आहेत.
चौदा घरी बसल्या. हे खरंच आहे,
लिऊ चांगला होता म्हणून ते खोटं होत नाही.
चौघी मशीनच्या मागे बसतात,
कारण मशीन शंभरात सहा-सात चांगले दाणेही उडवते
आणि ते परत वेचावे लागतात.
शेठ चिडतो, "चिनी माल!"
दोनदा माणूस बोलावला, त्याला तो काटा सापडला नाही.
माय काही बोलत नाही.
सूप पाखडते,
मधूनच त्या बाटलीतून पाणी पिते. थंड.

आज गाडी अठ्ठावीस मिनिटं लेट.
सवयीनं मी बल्लारशाचं एक तिकीट
आधीच शिक्का मारून ठेवलं होतं.
कुणी घेतलं नाही.
पंचेचाळीस रुपये
माझ्याच पाकिटातून गल्ल्यात.