दुसरा ब्रेक

नवरा म्हणाला, पैसे कायले घालवतं?
मी शिकवतो नं, फुकट.
मग खळ्यावर तासभर त्याचा आवाज
आणि काटेरी कुंपणात घुसलेली वॅगनआर.
घरी येईपर्यंत दोघंही गप्प.

दुसऱ्या दिवशी गेडाम सरांकडे नाव टाकलं.
घाटंजी, एसटी स्टँडामागे, एकवीस दिवस,
साडेचार हजार, अर्धे आधी.

त्यांच्या गाडीत डावीकडेही ब्रेक आहे.
पहिल्याच दिवशी पाहून घेतला मी,
नव्या गावात विहीर कुठे ते पाहावं तसा.

सर कमी बोलतात.
"क्लच सोडा बाई. हळू.
दुधावरची साय काढता तसा."
समोर कपाशीची बंडी आली की हॉर्न नाही.
"बैलाले घाई नाई, आपल्याले कायची?"
पारवा रोडवर गाडी सात वेळा बंद पडली.
सातही वेळा ते म्हणाले, "पुन्हा."

आवाज न चढवता पुन्हा म्हणता येतं,
हे मला बेचाळिसाव्या वर्षी कळलं.

सतराव्या दिवशी नाल्याचा अरुंद पूल,
पलीकडून ट्रॅक्टर, कठड्याला लागून कोणाच्या तरी बकऱ्या.
छातीत धडधड, पण म्हटलं,
आहे नं सरांचा पाय.

पूल संपला. डावीकडे पाहिलं.
चपला खाली,
सर सीटवर मांडी घालून
भुईमुगाच्या शेंगा सोलत होते.

"सर! केव्हापासून?"

"सोमवारपासून.
समोर पाहा बाई. एक बकरी राह्यली."