शिल्लक

समीकरणात तेचिमन एक ठिपका आहे,
नवरोंगो दुसरा, कुमासी तिसरा.
मधल्या रेघांवर अंतर, डिझेल,
नाक्यानाक्यावरचं चहापाणी.
त्याला मी 'घर्षण' म्हणतो.

भाव उतारानं वाहतो, पाण्यासारखा,
असं धरून चाललो होतो.

गुरुवारी मात्र गणित बसेना.
टोमॅटो उदंड, तरी भाव चढाच.
तीनदा तपासलं,
मग अटिंगाच्या ट्रकमध्ये चढलो.

गावाबाहेर कडुलिंबाखाली अकरा ट्रक उभे.
याआ फ्रेमा, टोमॅटोवाल्यांची राणी,
प्लास्टिकच्या खुर्चीत, मांडीवर वही.
"आज चार आत. उद्या चार.
सगळे सोडले तर तिन्हीसांजेला माल बकऱ्या खातील,
आणि माझ्या बाया काय खातील?"

अटिंगा म्हणाला, "माझ्या पेट्या गळतायत."
ती उठली. पेटीखाली बोट फिरवलं, हुंगलं,
काही न बोलता
अडवलेला दोर खाली टाकला.

रात्री चारच्या जागी पाच लिहिले.
तरी थोडी शिल्लक उरलीच,
ना पुरवठ्यात बसणारी, ना मागणीत.
तिला घर्षण म्हणायला
आता जीभ वळत नाही.