बिननावाचा रकाना

हाउन्स्लोचं घर विकायचं ठरलं तेव्हा
दिगंबरने हिशेबाची जुनी वही काढली
आणि पट्टीने रेघा मारल्या.
गाव. घराची किंमत. कौन्सिल टॅक्स.
दवाखाना किती पावलांवर
(मैल नाही, पावलं. गुडघे त्याचे, मोजमापही त्याचंच).
लायब्ररी. बस. चढ.
भेंडी मिळते का.

दोन वर्षं आम्ही गावं बघत हिंडलो
स्थळं बघावीत तशी.
एक दिसायला देखणं, पण मागणी फार.
एक स्वस्त, पण सगळं उतारावर,
दूध आणायला गेलं की परत यायचं म्हणजे गड.
एकात सगळं होतं,
फक्त दुपारी चारनंतर माणूस दिसेना.

मग सिलॉथ.
नकाशावर बोट ठेवलं तर निम्मं बोट पाण्यात जातं.
समोर खाडी, खाडीपलीकडे स्कॉटलंड, दिसलं तर.
वारा असा की हिरवळीवरची झाडं एकाच अंगाला कललेली,
कमी ऐकू येणाऱ्या माणसांसारखी.
गोदीपाशी पिठाची गिरणी.
गाडीतून उतरता उतरता मी म्हटलं,
इथे दळणाचा वास येतोय.
तो म्हणाला, त्याला रकाना नाही.

हाउन्स्लोत विमानं कौलांवरून जायची.
एकतीस वर्षं आम्ही वाक्यं मध्येच तोडून
विमान गेल्यावर पुढे जोडत संसार केला.
इथे वाक्य पुरं होतं
आणि मग पुढे काय बोलायचं ते सुचत नाही.

पण दिवस भरतात.
मंगळवारी चर्चच्या हॉलमध्ये ताई ची,
तिथे मी सगळ्यांत धाकटी, अडुसष्ट.
गुरुवारी तो बोल्स खेळतो, पांढऱ्या विजारीत.
क्लबच्या सेक्रेटरी नॉरा, आडनाव टिफिन.
त्या दिवशी घरी येऊन आम्ही पोट धरून हसलो,
आणि का हसतोय ते सांगायला आसपास कुणी नव्हतं.
कार्लाइलची बस येते, जाते,
मधे थांबून जरा विचारही करते.

जानेवारीत गॅसचं बिल शोधताना वही सापडली.
भेंडीच्या उजवीकडे आणखी एक रकाना होता.
वर नाव नाही.
पायऱ्यांच्या गावाला फुली.
चारनंतर ओस पडणाऱ्या गावाला दोन फुल्या.
एका ठिकाणी: रस्त्यावर दिवे कमी.
एका ठिकाणी: शेजारीण बोलकी, बरं.
आणि सिलॉथपुढे, पेन्सिलीने, बारीक अक्षरात:
हिला जमेल. वाऱ्याची सवय होईल.

आपल्याला नव्हे. हिला.

मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये जन्मभर
परक्यांचं रक्त बघितलं आहे.
कागदावरचा एक आकडा
घरातल्यांच्या आधी काय सांगतो, ते मला कळतं.
वही होती तिथे ठेवली.
बिल पुढे दोन दिवस सापडलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी पट्टी घेतली
आणि त्याच्या रकान्याशेजारी आणखी एक रेघ मारली.
त्यालाही नाव दिलं नाही.
दवाखाना: पावलं त्यानेच मोजलीत.
कपड्यांचं मशीन: कुठलं बटण, ठाऊक नाही. चिठ्ठी चिकटवणे.
बोल्स: हो.
टिफिनबाई: चौकशा फार करतात, पण असू देत.
जेवण: चिप्सचं दुकान, आठपर्यंत.
सोमवारी बंद.

सोमवार.
त्यापुढे मी बराच वेळ काही लिहिलं नाही.

आता दर सोमवारी त्याच्या हातात झारा असतो.
मी दारात उभी राहते, हात मागे बांधून,
परीक्षेला आलेल्या बाहेरगावच्या बाईसारखी.
गिरणी खिडकीतून दिसते, पण बेसन प्रेस्टनहून येतं.
का शिकवतेस, असं त्याने विचारलेलं नाही.
वही कुणी हलवली, असंही नाही.
एवढंच विचारतो, अजून किती ढवळायचं?
रटरट वाजेपर्यंत, मी म्हणते.
आणि मीठ? अंदाजाने.
अंदाजाने म्हणजे किती?

आज पिठल्यात गुठळ्या झाल्या.
आम्ही खाल्लं.