निळ्यासकट

कुमासीत, असाफोच्या उतारावर,
फ्लेक्स छापणाऱ्या दुकानाच्या मागच्या खोलीत
मी गेलेल्या माणसांचे चेहरे दुरुस्त करते.
विधी शनिवारी, म्हणून गुरुवारी गर्दी.

मामे पोकुआ आल्या गुरुवारी, दुकान मिटायच्या बेताला.
हातात पुतण्याचा फोन, फोनमध्ये एकच फोटो:
अम्पोन्सेम, शिलाई मशीन दुरुस्त करणारे,
बाजारातल्या टपरीत, वर निळी ताडपत्री,
बोटांत बॉबिन, नजर कॅमेऱ्याच्या जरा डावीकडे,
कुणीतरी हाक मारल्यासारखी.

"हा निळा कोण?" त्या म्हणाल्या.
"माझा नवरा असा नव्हता."

खरंच होतं. ताडपत्रीतून गाळून आलेली दुपार
सावलीसावलीत मुरली होती,
हनुवटीखाली, नाकाच्या कडेला, डोळ्यांच्या खोबणीत.
माणूस फोटोतच पाण्याखाली गेलेला.

मी आपोआपचं बटण दाबलं.
ते कुणी बनवलं ठाऊक नाही,
आमच्या उन्हात त्यानं कधी पाय ठेवला नसावा.
निळा गेला,
पण त्याच्याबरोबर अम्पोन्सेमही गेले.
उरली राख, पहाटेच्या चुलीतली,
जिच्यात बोट घातलं तरी ऊब लागत नाही.
मामे काही बोलल्या नाहीत. स्टूल तेवढं पुढे ओढलं.

मग हातानं.
आधी नुसत्या सावल्या वेचल्या,
तांदळातले खडे वेचावेत तशा,
उजेडाला धक्का न लावता.
निळा थोडा खाली. पिवळा चिमूटभर.
लाल मात्र हात आखडून,
जास्त झाला की माणूस प्यायलेला दिसतो
आणि हे तर चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसणारे.
कपाळावर ताडपत्रीच्या भोकातून
खरं ऊन पडलं होतं, पैशाएवढं.
तेवढ्या जागेत त्यांचा रंग शाबूत होता.
तिथून उचलून उचलून
मी तो गालापर्यंत आणला.

"थांब."
मामे न्तोन्सोच्या. आयुष्यभर
झाडाची साल उकळून शोकाची कापडं रंगवलेली,
नखांच्या कडा अजून तपकिरी.
त्यांनी आपला हात स्क्रीनशेजारी धरला, पालथा.
"पहिल्या बुडवणीत साल तांबडा देते.
सातव्या बुडवणीला लोक त्याला काळा म्हणतात.
पण तांबडा कुठे जात नाही गं, खाली बसतो.
ह्याच्या गळ्याशी तो दिसत नाहीये मला."

मी सावलीच्या तळाशी उतरले,
जिथे माझ्याही डोळ्यांना आजवर
नुसता अंधार दिसायचा,
आणि तिथे तांबडा ठेवला. केसाएवढा.

तेवढ्यात लाईट गेली.
पंखा थांबताना कुरकुरला. शेजारचा जनरेटर
सुरू होता होता राहिला.
काळोखात मामे म्हणाल्या,
"रात्री असाच असायचा.
दिसायचा नाही. पण रंग कळायचा."
मी काय बोलणार. माझं लग्न सव्वा वर्षाचं.

लाईट आली, मशीन उठलं, फाईल वाचली होती.
अम्पोन्सेम बसलेले, बॉबिन बोटांत,
आणि आता ती हाक त्यांना ऐकू गेल्यासारखी.
मामेंनी कापडाचं टोक तोंडावर दाबलं.

मी भिंतीचा निळा काढायला घेतला, मग सदऱ्याचा.
"तो असू दे," त्या म्हणाल्या.
"एकतीस वर्षं बसला त्या ताडपत्रीखाली.
थोडा अंगालाही लागलाच असेल ना?"
"कुठे ठेवू?"
त्यांनी त्यांच्या कानामागे बोट टेकवलं.
काचेवर तो ठसा अजून आहे,
पुसायला कपडा घेते आणि राहून जातं.

शुक्रवारी मुलगा बॅनर न्यायला आला,
टॅक्सी चालू ठेवून.
कानामागे निळं काहीतरी राहिलंय, म्हणाला,
तेवढं काढा की पटकन.
मी पावती पुढे केली.
पैसे आईनं दिलेत, म्हटलं.
निळ्यासकट.