पाणी कुठवर

परीक्षेच्या दिवसांत आई 'कसं वाटतंय' असं विचारत नाही.
त्या प्रश्नाला माझ्याकडे शब्द नसतो,
घशात एक आवंढा असतो फक्त.
ती विचारते, "पाणी कुठवर?"

दुतोंड्या मारुती तुम्हाला माहीत असेलच,
रामकुंडाजवळचा.
गोदावरीला पूर आला की अख्खं नाशिक
त्याच्या अंगावर पाणी मोजतं.
घोट्याला. गुडघ्याला. कमरेला.
छातीला लागलं की सराफ बाजारातली माणसं
दुकानं रिकामी करायला लागतात.
मी सहावीत असताना हे माप घरी आणलं,
तेव्हापासून ते आमच्याकडेच आहे.

हॉलतिकीट आलं त्या दिवशी: घोटा.
वेळापत्रक बदललं: मांडी.
गुरुवारचा पेपर शनिवारी गेला, एवढंच.
सगळे खूश, दोन दिवस जास्त मिळाले म्हणून.
मी गुरुवार तयार करून ठेवला होता,
कुठला शर्ट, कुठली बस, जिन्याची कुठली बाजू.
तो गुरुवार आता कुठे ठेवू?

सिव्हिल हॉस्पिटलच्या दाखल्यावर माझी टक्केवारी आहे.
चाळीस.
कॉलेजातही चाळीसलाच पास करतात.
हा विनोद मी सात जणांना सांगितला, तिघं हसले.
बाबा दाखला पुन्हा प्लास्टिकच्या पिशवीत
घालत राहिले, कोपरा दुमडू न देता.

गेल्या वर्षी मोठ्या हॉलमध्ये होतो.
नऊ पंखे. तिसऱ्याला दर फेरीत एक खडखड.
पुरवण्यांचे दोरे, मॅडमच्या बांगड्या,
कुणाचं तरी नाक ओढणं.
तुम्हाला हे सगळं मागे कुठेतरी ऐकू येतं म्हणे.
माझ्याकडे मागे असं काही नसतं.
सगळं येऊन माझ्याच बाकावर बसतं,
प्रश्नपत्रिकेला खेटून.

म्हणून अर्ज, म्हणून या वर्षी वेगळी खोली,
प्रयोगशाळेमागची, मोडक्या स्टुलांची,
तासाला वीस मिनिटं जादा.
"मजा आहे बुवा तुझी," जिन्यात कुणी म्हणालं.
मी पेपर सुरू होईपर्यंत मजा शोधत होतो.

खोलीत एक घड्याळ होतं.
टिक.
पहिला प्रश्न येत होता मला. टिक.
पॉइसाँ वितरण, आवडतं मला ते, टिक,
क्वचित घडणाऱ्या गोष्टी किती वेळा घडतील, टिक,
कंबर, टिक, छाती.
हात कानांवर, कोपरं टेबलावर,
आणि मी पुढेमागे हलू लागलो
काठाला बांधलेल्या नावेसारखा.
दारातल्या मॅडम घाबरल्या.
नाव हलते तेव्हा ती तरंगत असते,
हे त्यांना सांगायला तेव्हा तोंड नव्हतं.

शिपाई पुंजाजी पाण्याचा ग्लास ठेवायला आले होते.
त्यांनी काही विचारलं नाही.
खांद्यावर हात ठेवला नाही, त्याबद्दल आभार.
माझ्याकडे पाहिलं,
मग मी जिकडे बघणं टाळत होतो तिकडे.
त्यातल्या त्यात धड स्टूल उचललं, ओढलं नाही.
वर चढून घड्याळ उतरवलं,
मागचा सेल काढून खिशात टाकला.
अकरा वाजून सात मिनिटं.

पण वेळ कळायला तर हवी.
मग दर अर्ध्या तासाने ते दारात येऊन
उरलेले अर्धे तास बोटांवर दाखवत.
सातला दोन्ही हात लागले.
पाचला बिडीचा वास आला. तो चालतो मला.

पाणी कधी उतरलं ते नेमकं सांगता येणार नाही.
धरणाचा विसर्ग कमी केला की पेपरात आकडा येतो,
माझा छापत नाहीत.
चौथा प्रश्न लिहिताना
चपलेत माझी पावलं असल्याचं लक्षात आलं,
एवढीच नोंद आहे.

फाटकाशी आई स्कूटी लावून उभी.
"कुठवर?"
"छातीपर्यंत आलं होतं. मग पुंजाजींनी सेल काढला."
तिला काही कळलं नाही, तिने हेल्मेट दिलं.
गंगापूर रोडला सिग्नलवर मी मागून म्हणालो,
"मंगळवारचा पेपर
अजून मंगळवारीच आहे."