बाकी

पावसाचा आकडा मी सहा आठवडे मागे सरकवते
तेव्हा कुठे ताप त्याच्यावर नीट बसतो:
ऑगस्टात चढणारा, दिवाळीच्या सुमारास उतरणारा,
जी-दक्षिणचा वेगळा, भायखळ्याचा वेगळा.
रेघ शहाण्यासारखी वागते.

फक्त फेब्रुवारीत
लोअर परळचा एक ठिपका
रेघेला न जुमानता वर बसलेला.
“नोंदीची चूक असेल, काढून टाका,” साहेब म्हणाले.

घोसाळकर गेले टॉर्च आणि डबू घेऊन.
एकोणतीस मजले. लिफ्ट बसायची होती अजून.
वर, बांध घालून भिजत ठेवलेल्या स्लॅबवर
बोटभर पाणी,
त्यात पाण्याच्या कातडीला समांतर निजलेल्या अळ्या,
आणि प्लायवूडच्या आडोशाला
सुफल मुर्मू, वय एकोणीस,
सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांखाली
दात वाजत.

“इथे पाऊस आम्हीच पाडतो,” मुकादम म्हणाला,
“रोज, पाइपानं. स्लॅब तडकू नये म्हणून.”

मी नवा रकाना उघडला: ओले मजले, दर आठवड्याला.
ठिपका खाली आला जरासा,
पुरता नाही.

सुफलनं ताप इथे घेतला
की गावाहून येताना यकृतात निजवून आणला,
काचपट्टीवर ते दिसत नाही.