अनुभवाचे तास

ॲबर्डीनच्या वाचनालयात, हीटरशेजारच्या टेबलावर
तीन माहितीपत्रकं पसरून बसलेय.
एक परीक्षा महाग; तिला आधी हजारो तासांचा अनुभव हवा.
एक नवशिक्यांची. सत्तेचाळिसाव्या वर्षी
नवशिकी म्हणवून घ्यायला हरकत नाही,
पण थर्मासातला चहा गार झाला तरी ते गळी उतरत नाही.
तिसरी दोन दिवसांत पास करून देते म्हणे.
दोन दिवसांत माझं आंबवणही धड जागं होत नाही.

अर्ज सांगतो : प्रकल्प म्हणजे
ज्याला आरंभ असतो, आणि शेवट.

एकोणीस वर्षं समुद्रातल्या तेलफलाटावर
एकशेदहा माणसांची न्याहारी रांधली.
शेवट कसला? ताटं विसळेपर्यंत रात्रपाळी भुकेली.
वादळात चार दिवस हेलिकॉप्टर आलं नाही,
तेव्हा पिठाचा हिशेब, भांडणांचा हिशेब,
आणि कॅलमच्या वाढदिवसासाठी लपवलेली सहा अंडी,
हे कुठल्या रकान्यात घालू?

मग आठवला तो आठवडा,
फलाट मोडीत निघाला, मी भटारखाना बंद केला.
भट्ट्या मोजल्या. सुऱ्या फडक्यात गुंडाळल्या.
फ्रीजची दारं दोरीनं उघडी बांधली,
कुबट वास धरू नये म्हणून,
जिथं वास घ्यायला कुणी उरणार नव्हतं.
दिवा मीच मालवला. कागदावर सही माझी : मोरॅग गन.

त्याला शेवट होता.

महागडीचा अर्ज पुढं ओढते.
पहिल्या ओळीत लिहिते : बहात्तर तास.
बाकीचे कुठून आणायचे?
पेन्सिल चावत बसते.
बाहेर सीगल कुणाच्यातरी तळलेल्या बटाट्यांवर तुटून पडलेत.